गांजाचा वाद आणि बाटलीवरची बारीक अक्षरं

होळी जवळ आली, एखाद्या नटाच्या घरी छापा पडला किंवा उत्तरेतल्या एखाद्या राज्याने भांगेच्या लागवडीचा विषय काढला, की आपल्याकडे ठरलेला वाद ठरलेल्या शब्दांत सुरू होतो. एक बाजू शंकराचं नाव घेते, अथर्ववेदाचा दाखला देते आणि सगळं खापर इंग्रजांवर फोडते. दुसरी बाजू म्हणते, आधीच दारूने घरं उद्ध्वस्त झालीत, त्यात आता ही भर कशाला? दोन्ही बाजू तावातावाने ‘गांजा’ म्हणतात, पण एकाच्या डोळ्यांसमोर काशीची थंडाई असते आणि दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर कॉलेजमागच्या गल्लीतली पुडी. या गदारोळात एक साधी गोष्ट कुणी विचारतच नाही. आज, कायद्याच्या चौकटीत राहून जे राजरोस विकलं जातंय, त्यात नेमकं काय आहे हे विकत घेणाऱ्याला कळतं का?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बंदी की मोकळीक हा प्रश्न मोठा आहे आणि तो अजून बरीच वर्षं चालेल. तोवर जी बाटली, जी डबी, जो चूर्णाचा पुडा बाजारात आहे, त्याच्यावर एका मात्रेत टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, किती मिलिग्रॅम, सीबीडी, म्हणजे त्याच झाडातलं नशा न आणणारं द्रव्य, किती मिलिग्रॅम आणि कुठल्या बॅचची तपासणी कुठल्या प्रयोगशाळेने केली, हे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेलं असलंच पाहिजे. ते नसेल तर ग्राहकाने ती वस्तू घेऊ नये आणि सरकारने ती विकू देऊ नये. या मागणीला बंदीवाल्यांनी विरोध करण्याचं कारण नाही आणि मोकळीकवाल्यांनी तर नाहीच नाही.

बाजारात नक्की काय आहे ते आधी पाहू, कारण गोंधळाची सुरुवात तिथेच होते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने चरस आणि गांजा, म्हणजे राळ आणि फुलोऱ्याचे शेंडे, यांवर बंदी घातली. शेंड्यांपासून वेगळी असलेली पानं आणि बिया मात्र त्या व्याख्येबाहेर ठेवल्या. त्यामुळे पानांची भांग राज्यांच्या हाती राहिली. जैसलमेरला आणि वाराणसीला सरकारमान्य भांगेची दुकानं आहेत. आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली भांगसुद्धा परवान्याशिवाय जवळ बाळगता येत नाही. दुसरा रस्ता औषधाचा. पानांचा अर्क ‘विजया’ या नावाने आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर बनतो आणि कुरिअरने घरपोच येतो. तिसरा रस्ता खाद्यपदार्थाचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पच्या, म्हणजे याच झाडाच्या, बिया, बियांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियांत टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि वेष्टनावर त्या वनस्पतीच्या पानाचं चित्रही चालत नाही. एकाच झाडाचे तीन माल, तीन कायदे, तीन प्रकारची वेष्टनं. आणि ऑनलाइन दुकानात मात्र तिन्ही एकाच पानावर, एकाच हिरव्या रंगात शेजारी शेजारी दिसतात. बियांच्या तेलात सीबीडी जवळजवळ नसतंच, तरी सीबीडी मिळेल या आशेने लोक तेच तेल चढ्या भावाने घेतात. त्यांची फसवणूक खोटं लिहून केलेली नसते. खरं अर्धवट लिहून केलेली असते, आणि ती पकडणं जास्त अवघड.

माझ्या ओळखीतल्या एका काकूंना मुलाने गुडघेदुखीसाठी ऑनलाइन मागवून दिलेली बाटली मी हातात घेऊन नीट वाचली. ३० मिलीलिटरची गडद काचेची बाटली, झाकणातच ड्रॉपर, आत काळपट हिरवं तेल. पुढच्या बाजूला ठळक इंग्रजीत ३००० मिलिग्रॅम. कशाचे? बाटली फिरवून मागची अक्षरं उजेडात धरली तेव्हा कळलं की हे विजयाच्या पानांच्या अर्काचं वजन आहे. त्या अर्कात टीएचसी किती, ते कुठेच नाही. द्राक्षाचा रस किती घातला ते लिहायचं आणि अल्कोहोलचं प्रमाण गाळायचं, अशी दारूची बाटली आपण चालवून घेतली असती का? आता हिशेब करा. एका मिलीलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम अर्क, ड्रॉपरचे साधारण २० थेंब धरले तर थेंबाला ५ मिलिग्रॅम अर्क. समजा त्यात १० टक्के टीएचसी आहे, तर पाच थेंबांत अडीच मिलिग्रॅम झालं. नवख्या माणसाने सुरुवात साधारण इतक्याच्या आत करावी असं सांगतात. पण समजा अर्क जास्त कसदार आहे आणि टीएचसी ६० टक्के आहे, तर त्याच पाच थेंबांत १५ मिलिग्रॅम. लेबल दोन्ही बाटल्यांवर अक्षरशः सारखंच असेल. काकू रोज सकाळी मोठा रस्ता ओलांडून देवळात जातात. शिवाय त्या रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी घेतात, आणि सीबीडीमुळे यकृतात वॉरफेरिनचं विघटन मंदावून रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. यातलं काहीही बाटलीवर नव्हतं. ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ एवढी एक ओळ होती, इंग्रजी आणि हिंदीत. ती देखरेख म्हणजे काय होती, तर मुलाला फोनवर विचारलेले चार प्रश्न.

टीएचसी आणि सीबीडी हा फरक ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टीएचसी नशा आणतं, तोल घालवतं, काहींना घबराट आणतं. मळमळ आणि काही दुखण्यांवर त्याचा उपयोगही होतो. सीबीडी नशा आणत नाही. मुलांच्या काही दुर्धर अपस्माराच्या प्रकारांवर सीबीडीचं शुद्ध औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झालं. आणखी एक मेख अशी की कच्च्या झाडात टीएचसी बहुतेक आम्लाच्या रूपात, म्हणजे टीएचसीए म्हणून असतं, ते नशा आणत नाही. तापवलं की त्याचं टीएचसी होतं. म्हणून प्रयोगशाळा टीएचसीएला ०.८७७ ने गुणून टीएचसीत मिळवते आणि ‘एकूण टीएचसी’ काढते. गांजाची विक्री कायदेशीर असलेल्या कॅनडात डबीवर नुसतं टीएचसी आणि एकूण टीएचसी हे दोन्ही आकडे छापावे लागतात. कुणी फक्त पहिला, लहान आकडा दाखवत असेल तर दुसरा मागून घ्यावा.

आता विरोधी मुद्द्यांकडे येते, कारण ते पोकळ नाहीत. पहिला मुद्दा असा की लेबल लावलं की वस्तूला प्रतिष्ठा मिळते. सुबक छापील आकडे पाहून लोकांना वाटतं, सरकारने तपासलंय म्हणजे घ्यायला हरकत नाही. हा धोका खरा आहे आणि कंपन्या त्याचा फायदा घेतात हेही खरं. पण लेबल नसल्याने प्रतिष्ठा कमी झाली आहे का? आयुर्वेदिक परवान्याचा क्रमांक आणि पांढऱ्या कोटातल्या माणसाचा फोटो एवढ्यावर ती आधीच मिळाली आहे. गायब आहे ती फक्त माहिती. आणि आकड्यांची सक्ती केली की विक्री वाढतेच, असा इतिहासही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रडणाऱ्या तान्ह्यांना गप्प करणारी सिरपं घरोघरी होती आणि त्यांत मॉर्फिन असे. आयांना त्याचा पत्ता नसे. १९०६ च्या अन्न व औषध कायद्याने अशा द्रव्यांवर बंदी घातली नाही. अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन, हेरॉइन आणि ‘कॅनाबिस इंडिका’, म्हणजे आपला गांजासुद्धा, औषधात असेल तर त्याचं प्रमाण बाटलीवर लिहा, एवढंच सांगितलं. आपल्या बाळाला आपण काय पाजतोय ते आयांना पहिल्यांदा वाचता आलं, आणि कित्येक उत्पादकांनी ते घटक कमी केले किंवा काढूनच टाकले. भांगेच्या अर्काचं प्रमाण लिहायला लावणं ही मागणी त्या देशात एकशेवीस वर्षांपूर्वी कायद्यात आली होती. आपण तिला आज घाई म्हणायचं का? उलट बंदीचा अनुभव आपल्याकडे ताजा आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली आणि गुटखा आजही मिळतो. फरक इतकाच की आता त्या पुडीवर काय छापलंय याला कुणी जबाबदार नाही.

दुसरा मुद्दा जास्त जड आहे. लेबल असूनही माणसं मरतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून प्रौढांसाठी गांजाची खुली विक्री सुरू झाली आणि मार्चमध्ये १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने मित्राने विकत आणलेली कुकी खाल्ली. तिच्यात ६५ मिलिग्रॅम टीएचसी होतं, सहा जणांच्या मात्रेचं. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे त्याने आधी एकच तुकडा खाल्ला. अर्धा ते एक तास काहीच जाणवलं नाही, म्हणून उरलेली सगळी खाल्ली. काही तासांनी त्याने चौथ्या मजल्याच्या सज्जातून उडी मारली. आकडा होता, सूचना होती, तरी मुलगा गेला. या उदाहरणाला मी बगल देऊ इच्छित नाही. पण त्यातून काय घ्यायचं? खाल्लेल्या टीएचसीचा असर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही सुरू होतो, कारण ते यकृतातून जातं आणि तिथे त्याचं आणखी प्रभावी रूप बनतं. ओढलेल्या धुरासारखं ते मिनिटांत चढत नाही. मात्रा कागदावर सहा भागांत वाटलेली होती. हातातला पदार्थ मात्र एक कुकी होता, आणि कुकी माणूस अख्खी खातो. त्यानंतर कोलोरॅडोने नियम केला की प्रत्येक १० मिलिग्रॅमचा तुकडा वेगळा दिसला पाहिजे किंवा वेगळा गुंडाळलेला असला पाहिजे. कॅनडाने त्याही पुढे जाऊन खाण्याच्या पदार्थांसाठी अख्ख्या पाकिटालाच १० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. लेबल कमी पडलं तेव्हा त्यांनी ते वस्तूच्या अंगावर आणलं. आपल्या ड्रॉपरवर तर मिलिलिटरच्या खुणासुद्धा अनेकदा नसतात.

तिसरा मुद्दा, ‘आपल्याकडे लेबल वाचतो कोण?’ हे वाक्य मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्याचा राग येतो. २००१ पासून आपण पाकिटांवर हिरवा ठिपका पाहतोय. ज्या आजीला अक्षर ओळखता येत नाही तीसुद्धा बिस्किटाचा पुडा उलटा करून तो ठिपका शोधते आणि नसेल तर पुडा परत ठेवते. लोकांना ज्याची काळजी आहे ते, आणि जे दिसेल अशा जागी आहे ते, लोक वाचतात. न वाचण्याचा दोष वाचकाच्या माथी मारण्याआधी अक्षराचा आकार बघावा. कॅनडात अशा प्रत्येक डबीवर लाल अष्टकोन असतो, त्यात पान आणि टीएचसी ही अक्षरं, आणि पिवळ्या चौकटीत इशारा. ज्याला इंग्रजी-फ्रेंच येत नाही त्यालाही एवढं कळतं की हे मुलांच्या हाती लागता कामा नये.

खरी अडचण मला चौथ्या मुद्द्यात दिसते: लेबलं खोटी असतात. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि सिॲटलमधून घेतलेले ७५ खाद्यपदार्थ तपासले. फक्त १७ टक्क्यांवरचा आकडा बरोबर होता. ६० टक्क्यांत लिहिल्यापेक्षा कमी टीएचसी होतं आणि २३ टक्क्यांत जास्त. दोन वर्षांनी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची अशीच तपासणी झाली. ३१ टक्के लेबलं खरी निघाली, आणि १८ उत्पादनांत टीएचसीसुद्धा सापडलं. आई-बाप हे तेल अपस्माराच्या मुलाला देतात, हे लक्षात घेऊन तो आकडा पुन्हा वाचावा. मग लेबलाचा उपयोग काय? उपयोग हा, की ही लबाडी सापडली. आकडा छापलेला होता म्हणून तो तपासता आला, खोटा ठरवता आला, त्यावरून जाब विचारता आला. काकूंच्या बाटलीला कोणती प्रयोगशाळा खोटं ठरवणार? त्या बाटलीने काही म्हटलेलंच नाही. जिथे विधानच नाही तिथे फसवणुकीचा खटलाही उभा राहत नाही. म्हणूनच नुसता आकडा पुरेसा नाही; त्याच बॅचचा तपासणी अहवाल हवा. कंपनीच्या संकेतस्थळावर दोन वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी बॅचचा अहवाल लटकवलेला असतो, तो चालणार नाही. बाटलीवरचा बॅच नंबर आणि अहवालावरचा बॅच नंबर जुळवून बघायला अर्धं मिनिट लागतं. अहवालात शिसं, पारा यांसारखे जड धातू, कीटकनाशकं आणि अर्क काढताना मागे राहिलेली द्रावकं यांचाही तक्ता असला पाहिजे. २०१९ मध्ये अमेरिकेत वाफ ओढण्याच्या काड्यांमुळे (व्हेप) फुप्फुसांच्या आजाराची साथ आली, ६८ माणसं दगावली. टीएचसीच्या तेलात भेसळ म्हणून घातलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे त्यातलं मुख्य कारण निघालं.

काही वैद्यमंडळी यावर मनापासून नाराज होतील. वनस्पतीचा हिशेब एका रेणूवर करायचा नसतो. शोधन, अनुपान (औषध कशाबरोबर घ्यायचं ते), रोग्याची प्रकृती हे सगळं मिळून मात्रा ठरते, असं ते म्हणतील. मला हे म्हणणं पटतं. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात भांग अफूबरोबर ‘व्यवायी’ द्रव्यांत घातली आहे: आधी सगळ्या शरीरात पसरते आणि मग पचते. इतकी बारीक नोंद करणारी परंपरा मात्रेबाबत बेफिकीर असेल असं कोण म्हणेल? पण त्या परंपरेत वैद्य पानं स्वतः पारखत असे, धुऊन, वाळवून, गाईच्या तुपात परतून शोधन करत असे आणि रोग्याची नाडी त्याच्या हाताखाली असे. कारखान्यात काढलेला अर्क शेकडो मैलांवरून कुरिअरने येतो तेव्हा या साखळीतला वैद्य गळालेला असतो. त्याच्या पारखीची जागा कशाने भरायची? जातीफलादि चूर्णाचं उदाहरण घ्या. पोट बिघडलं की अनेक घरांत ते घेतलं जातं. शास्त्रोक्त पाठात त्यात भांग आहे, आणि थोडीथोडकी नाही. किती जणांना हे माहीत आहे? गाडी चालवण्याआधी ते घ्यावं की नाही, झोपेच्या गोळीबरोबर चालतं का, गरोदर बाईने घ्यावं का, असे प्रश्न पडायला आधी त्यात भांग आहे हे तरी कळायला हवं.

इतिहासातला एक प्रसंग या वादात दोन्ही बाजू अर्धाच सांगतात. ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेल्यावर १८९३ मध्ये सरकारने भारतीय भांग आयोग नेमला. आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले, वेड्यांची इस्पितळं पालथी घातली आणि पुढच्या वर्षी सात खंडांचा अहवाल दिला. मोकळीकवाले त्यातलं एवढंच वाक्य उचलतात, की बेताने घेतल्यास फारसा अपाय नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. गांजाने माणसं वेडी होतात याचा मोठा पुरावा म्हणजे इस्पितळांचे आकडे होते. आयोगाने एकेक प्रकरण उघडलं तेव्हा दिसलं की दाखल करतानाच्या कागदावर ‘कारण’ असा रकाना होता, आणि तो भरायचाच म्हणून पोलीस किंवा मॅजिस्ट्रेट फारशी चौकशी न करता तिथे ‘गांजा’ लिहून टाकत. तो शब्द इस्पितळाच्या तक्त्यात, तिथून प्रांताच्या अहवालात आणि तिथून लंडनमधल्या भाषणांत पोचला. एका रकान्यातल्या नोंदीवर वर्षानुवर्षं धोरणाची चर्चा चालली होती. आज आपली चर्चा रिकाम्या रकान्यावर चालली आहे. भांगेच्या औषधाने फायदा झाला म्हणणारे आणि त्रास झाला म्हणणारे, दोघांनाही आपण किती टीएचसी घेतलं ते सांगता येत नाही. मग उद्या आपल्या देशात कुणी प्रामाणिक अभ्यास करायचा म्हटलं तर तो कशाच्या जोरावर करणार?

परदेशातल्या मराठी मंडळींसाठीही दोन शब्द, कारण न्यू जर्सीहून किंवा टोरांटोहून येताना गमीच्या, म्हणजे चघळायच्या जेलीसारख्या गोळ्यांच्या, डब्या भेट म्हणून आणल्या जातात. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यात सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेला माल ‘हेम्प’ ठरला. ऐकायला हे नगण्य वाटतं. पण ४ ग्रॅमच्या एका गमीत ०.३ टक्के म्हणजे १२ मिलिग्रॅम, कॅनडात एका अख्ख्या पाकिटाला असलेल्या मर्यादेपेक्षा जास्त. डबीवर ‘हेम्प’ लिहिलेलं आणि आत पुरेपूर नशा, असा माल त्या वाटेने पेट्रोल पंपांवरसुद्धा पोचला. टक्का बघू नका, एका नगात किती मिलिग्रॅम ते बघा. आणि तिकडे रीतसर पावती करून घेतलेली टीएचसीची गमी मुंबईच्या विमानतळावर १९८५ च्या कायद्याखालीच मोजली जाते. ज्या घरात नातवंडं आहेत तिथे तर ती गोळ्या-चॉकलेटांच्या बरणीशेजारी ठेवण्याचा विचारही नको.

राहता राहिला खर्चाचा मुद्दा. दर बॅचची तपासणी छोट्या उत्पादकाला जड जाईल, हे मान्य. उत्तराखंडात हेम्पवर उभे राहिलेले छोटे उद्योग आहेत, त्यांचा गळा आवळावा असं मला वाटत नाही. त्यासाठी सरकारी प्रयोगशाळांत सवलतीचे दर ठरवता येतील, बियांच्या खाद्यपदार्थांना सौम्य नियम आणि अर्काला कडक, असा भेद करता येईल. पण जो अर्क म्हाताऱ्या माणसाच्या जिभेखाली जाणार आहे त्याची ताकद मोजणं परवडत नाही, असं जो म्हणतो त्याला तो विकणंही परवडू नये.

यासाठी नवा कायदा लागत नाही. औषध नियम, १९४५ मधला नियम १६१ आयुर्वेदिक औषधाच्या लेबलावर काय हवं ते सांगतो. घटकांची यादी आणि प्रमाण, बॅच नंबर, परवाना क्रमांक त्यात आहेत. विषारी द्रव्यांच्या अनुसूची ई (१) मध्ये भांग असल्याने देखरेखीची ती सूचनाही त्याच नियमाने येते, इंग्रजी आणि हिंदीत. वनस्पतीच्या वजनाशेजारी एका मात्रेतलं एकूण टीएचसी आणि सीबीडी मिलिग्रॅममध्ये, सूचनेत राज्याची भाषा, अक्षराचा किमान आकार आणि त्याच बॅचचा अहवाल, एवढ्या दुरुस्त्या केंद्राला अधिसूचनेने करता येतात. महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन तशी शिफारस आजही पाठवू शकतं. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेने पन्नास वर्षं ग्राहकांचे लढे लढलेत, तिने हा प्रश्न हाती घ्यावा. आणि ज्यांच्या घरात अशी बाटली आधीच आली आहे त्यांनी विक्रेत्याला लेखी विचारावं: या बॅचमध्ये एका थेंबाला टीएचसी किती? उत्तर आलं नाही तर बाटली परत पाठवावी, आणि आलं तर ते घेऊन, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या यादीसह, आपल्या डॉक्टरांकडे जावं.